बंड्याला घरी ठेवून असेसमेंटला कशी जाऊ?

प्रश्न: ताई, मी 47 वर्षांची, लेस्टरला एकटी राहते. संधिवात जुना आहे, गेली काही वर्षं पॅनिक अ‍ॅटॅकही येतात. 'पिप'साठी, म्हणजे आजारी-अपंग माणसांना मिळणाऱ्या ब्रिटिश सरकारी भत्त्यासाठी, अर्ज केला होता, आता असेसमेंटचं पत्र आलंय. सेंटरवर यायचं, सकाळी सव्वानऊला, म्हणजे दोन बस बदलून. माझ्याकडे बंड्या नावाचा कुत्रा आहे, नऊ वर्षांचा, रेस्क्यू सेंटरमधून आणलेला. मी दिसेनाशी झाले की दार ओरबाडतो. मागे हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटला गेले तेव्हा इतका भुंकला की वरच्या मजल्यावरच्यांनी दाराला चिठ्ठी लावली. तेव्हापासून त्याला एकटं ठेवलेलंच नाही. खरं सांगायचं तर मीही त्याच्याशिवाय घराबाहेर पडत नाही. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जायचं आणि परत, तेवढंच. पत्र आल्यापासून झोप नाही. बहीण पुण्याहून फोनवर म्हणते, "कुत्र्यापायी पैसे सोडणार का?" मला तर वाटतं, जाऊच नये. त्याला सोबत नेलं तर चालेल का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर: नेऊ नका. आणि न कळवता घरी बसूही नका. सबळ कारण न देता गैरहजर राहिलात तर क्लेम तिथेच फेटाळतात आणि मग सगळं पहिल्यापासून. 2025-26 मध्ये नुसत्या दैनंदिन जगण्याच्या भागाचे आठवड्याला साध्या दराने 73.90, वरच्या दराने 110.40 पौंड होत होते. ते भुंकण्याच्या धाकाने सोडायचे नाहीत. बहिणीचं एवढंच बरोबर आहे. बाकी ती पुण्यात बसून बोलते, तिला तुमच्या फ्लॅटच्या भिंती किती पातळ आहेत ते काय माहीत!

आज-उद्यात पत्रावरच्या नंबरला फोन करा. वेळ किंवा तारीख एकदा बदलून मिळते, सव्वानऊ म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. पण त्याआधी विचारा, असेसमेंट फोनवर होईल का. 2020 नंतर फोनवर सर्रास होतात, व्हिडिओवरही होतात, कधी घरी येऊनही करतात. घरी यायला सांगायचं तर बहुधा जीपीचं, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरचं, पत्र मागतील. त्या पत्रात बंड्या पहिल्या ओळीत नको. 'पेशंटला कुत्रा एकटा ठेवता येत नाही' एवढंच लिहिलं, तर वाचणारा म्हणणार, मग ठेवा कुणाकडे तरी. जीपीने लिहायचं ते असं: अनोळखी ठिकाणी एकटीने जायचं म्हटलं की पॅनिक अ‍ॅटॅक येतो, ओळखीच्या रस्त्यावरही कुत्रा सोबत असल्याशिवाय बाहेर पडत नाही, सकाळी सांधे आखडलेले असतात का, आणि असतील तर दोन बस का झेपत नाहीत. तुमच्या चार ओळींत यातलं बरंचसं आहेच, फक्त ते बंड्याच्या आड दडून बसलंय.

हे मी नुसतं सोय म्हणून सांगत नाही. 'पिप'च्या दुसऱ्या भागात, म्हणजे हालचालीच्या भागात, प्रवास ठरवून तो पार पाडता येणं हा स्वतंत्र मुद्दा आहे. मनाला असह्य त्रास होतो म्हणून कुठलाच प्रवास करता येत नसेल तर त्याचे 10 पॉइंट असतात, आणि कुणी धीर दिल्याशिवाय पाऊल उचलत नसेल तर 4. या भागाचे एकूण आठ पॉइंट झाले की साधा दर, बारा झाले की वरचा. 2017 साली सरकारने मानसिक त्रासाला इथे कात्री लावली होती, पण त्याच वर्षी डिसेंबरात हायकोर्टाने तो बदल बेकायदा ठरवला. म्हणजे बंड्याशिवाय बाहेर पडता येत नाही ही लाजून लपवायची गोष्ट नाही. ती तुमच्या क्लेमचा भाग आहे.

बंड्या स्वतः मात्र नियमांत कुठेच बसत नाही. 'असिस्टन्स डॉग' हा शब्द नियमांत आहे, पण तो अंधांना वाट दाखवणाऱ्यांसारख्या, दिसण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठी शिकवून तयार केलेल्या कुत्र्यांचा. 'इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल' असं छापलेली कार्डं आणि जाकिटं ऑनलाइन विकतात, त्यांना ब्रिटनमध्ये कायद्याने काडीची किंमत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

आता बंड्याबद्दल एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत. सल्ला केंद्रात असले फॉर्म भरून देण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून सांगते. असेसमेंट करणारी बाई मध्येच गोड आवाजात विचारेल, "घरात पाळीव प्राणी आहे का? अरे वा, कुत्रा! फिरवायला कोण नेतं?" गप्पा वाटतात. त्या गप्पा नसतात. तुम्ही "मीच नेते, रोज" म्हणालात की रिपोर्टात उतरतं: रोज कुत्रा फिरवते. त्यावरून पुढचा निष्कर्ष असा, की चालता येतं, वाकता येतं, दोरी धरायला पकड आहे, बाहेर पडायची भीती नाही.

खोटं बोलायचं नाही, पण अर्धवटही सांगायचं नाही. टपालपेटी घरापासून किती लांब आहे ते आजच कुणाकडून तरी मोजून घ्या. नियमांत 20, 50 आणि 200 मीटर असे टप्पे आहेत आणि पेटी कुठल्या टप्प्यात येते यावर बरंच अवलंबून आहे. मग सांगा की वाटेतल्या प्रत्येक खांबाशी बंड्या हुंगत उभा राहतो आणि तेवढ्यात तुम्ही कुंपणाला टेकता. (टेकत असाल तरच सांगा. माझ्याकडे येणाऱ्या संधिवाताच्या बायका बहुतेक सगळ्या टेकायच्या, म्हणून लिहितेय.) परत आल्यावर किती वेळ पडून राहावं लागतं? त्याची थाळी जमिनीवर ठेवता की वाकवत नाही म्हणून स्टुलावर? घाण कशाने उचलता? आठवड्यात किती दिवस नेताच येत नाही आणि त्या दिवशी तो कुठे जातो? एखादं काम सुरक्षितपणे, धड, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात जमलं तरच ते 'जमतं' असं नियम म्हणतात, आणि निम्म्याहून जास्त दिवस कसे जातात ते बघतात. बरा दिवस आठवून उत्तर देऊ नका. आणि कुणी "कशा आहात?" विचारलं की "बरी आहे" म्हणायची आपली सवय त्या दिवसापुरती सोडा.

फोनवर जमलं तर पोस्टमनची वेळ टाळून मागा. घरी येणार असतील तर बंड्या दुसऱ्या खोलीत, दार बंद. तो ओरबाडत राहिला आणि तुमचं लक्ष उडालं तर तसं सांगा, थांबायला सांगा.

सेंटरवर जावंच लागलं, तर त्या दिवशी बंड्या एकटा राहायला नको. तासभर असेसमेंट, दोन्हीकडचा प्रवास, शिवाय ताटकळणं. आरएसपीसीए ही प्राण्यांसाठी काम करणारी संस्था म्हणते की कुत्र्याला सलग चार तासांहून जास्त एकटं ठेवू नये, आणि तेही सवयीच्या कुत्र्याबद्दल. तुमच्या बंड्याला पाच मिनिटंही जड जातात. अनोळखी केनेलपेक्षा ओळखीचं माणूस तुमच्याच घरी येऊन बसलेलं चांगलं. कोण, ते तुम्हीच शोधायचं. मराठी माणूस उपाशी राहील पण शेजारी चावी द्यायला संकोचेल! ज्यांनी चिठ्ठी लावली त्यांनाच विचारून बघा, मी थट्टा करत नाही. भुंकणं बंद व्हावं ही सगळ्यात जास्त इच्छा त्यांचीच. नाहीतर मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाका, कुत्र्यासाठी जीव टाकणारी पोरं तिथे असतात. शिकायला आलेल्या मुलाला सव्वानऊ जमणार नसेल तर दुपारची वेळ मागायला तेही कारण पुरतं. (वाचणाऱ्या आजी-आजोबांसाठी: सिनॅमन ट्रस्ट ही संस्था वयस्कर आणि शेवटच्या आजारातल्या माणसांच्या प्राण्यांना फिरवायला, सांभाळायला मदत करते. या ताई त्यात बसणार नाहीत, तुम्ही बसाल.)

तालीम आत्तापासून करा. तो माणूस घरात बसलेला असताना तुम्ही जिन्यापर्यंत जा आणि बंड्या अस्वस्थ व्हायच्या आत परत या. मग जिना उतरून. मग टपालपेटीपर्यंत, या वेळी त्याच्याविना. मिनिटं वाढवत न्या, घाई केलीत तर तो दारच फोडेल. निघताना कवटाळणं, "आत्ता येते हं बाळा" हे सगळं बंद. त्याने तो जास्त बिथरतो आणि तुम्ही रडता. चाटायला काहीतरी भरलेलं खेळणं फ्रीझरमध्ये ठेवा, ते तुम्ही गेल्यावरच मिळायचं. तरीही त्याचं काहीच बदललं नाही तर व्हेटला सांगा, त्यावर उपचार असतात.

या तालमीतली निम्मी तुमचीच आहे. टपालपेटीपर्यंत एकटीने गेल्यावर छातीत धडधडलं, परत फिरावं लागलं, तर त्या रात्री वहीत लिहून ठेवा आणि ती वही असेसमेंटला न्या. सोबत माणूसही न्या, नियमाने नेता येतं आणि त्याला बोलताही येतं. फक्त तो बंड्याजवळ बसणारा नको, दुसरा. आत गेल्यावर सुरुवातीलाच सांगा, "घरी कुत्र्याजवळ माणूस आहे, म्हणून फोन टेबलावर ठेवते." त्या माणसाशी आधीच ठरवा की अर्ध्या तासाने एक फोटो पाठवायचा, बाकी खरंच काही झालं तरच फोन. दर पाच मिनिटांनी खबर आली तर तुमचं एकही उत्तर धड व्हायचं नाही. घाबरायला झालं तर थांबा म्हणा, पाणी मागा. असेसमेंटचं रेकॉर्डिंग हवं असेल तर ते आधीच्या फोनवरच मागून ठेवा.

निकालाचं पत्र आलं की असेसमेंटच्या रिपोर्टची प्रत फोन करून मागवा, ती आपोआप येईलच असं नाही. निकाल पटला नाही तर फेरविचाराचा अर्ज पत्रावरच्या तारखेपासून एका महिन्यात करायचा असतो. प्रत हाताशी असली म्हणजे रिपोर्टातलं कुठलं वाक्य चुकीचं आहे ते बोट ठेवून दाखवता येतं. लिहायला मदत लागली तर सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेत जा, पैसे पडत नाहीत आणि फोनवरही बोलतात.