शब्दशंका : 'डिफिडंट' म्हणजे भित्रा का?

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. प्रगतिपुस्तकात बाईंनी शेरा लिहिलाय, 'इंटेलिजंट, बट डिफिडंट'. शब्दकोशात पाहिलं तर 'भित्रा, बुजरा'. ताई, ही पोरगी भरल्या विहिरीत सूर मारते. ती भित्री कशी?
– एक पालक, कराड

उत्तर : तुमची मुलगी भित्री नाही, आणि बाईंनाही तसं म्हणायचं नसावं. तुमचा शब्दकोश फार थोडक्यात उरकतो.

भित्र्याला इंग्रजीत 'टिमिड' म्हणतात. लॅटिनमधल्या 'भिणे' या क्रियापदावरून तो आला. ससा टिमिड, हरिण टिमिड. पण सशाला कुणी डिफिडंट म्हणणार नाही. डिफिडंटचं मूळ लॅटिन 'फिदेरे', म्हणजे विश्वास ठेवणे; पुढे लागलेला 'डि' तो अर्थ उलटा करतो. 'कॉन्फिडन्स'ही त्याच घरातला. पूर्वी डिफिडन्स म्हणजे दुसऱ्यावरचा अविश्वास. इंग्रज तत्त्वज्ञ टॉमस हॉब्जने 1651 च्या 'लेव्हायथन' या ग्रंथात माणसांच्या भांडणाची तीन मुख्य कारणं सांगितली, त्यांतलं एक हेच. आता मात्र हा शब्द स्वतःवरच भरवसा नसणाऱ्यासाठी वापरतात.

मराठीत भिडस्ताला 'नाही' म्हणवत नाही, बुजरा नव्या माणसाला बिचकतो, मुखदुर्बळाला येत असून बोलता येत नाही. डिफिडंट या तिघांच्या जवळचा, पण कुणातच पुरता बसत नाही.

तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवताना अशी मुलं मी रोज पाहिली. एकीचा हात कानापर्यंतच वर जायचा. एकदा तिने 'बिलीव्ह'चं स्पेलिंग अचूक लिहिलं, शेजारणीच्या वहीत वेगळं दिसलं, आणि आपलं खोडलं. मग पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. वही माझ्याकडे आली तेव्हा तिथला कागद विरून भोक पडायच्या बेतात होता. उत्तर तिला येत होतं हो! ती वही आठवली की मला अजून वाईट वाटतं, कारण तेव्हा मी नुसतं 'नीट लिही' म्हणून वही परत केली.

वापराचं एक सांगते. या शब्दापुढे बहुधा 'अबाउट' येतं : 'शी इज डिफिडंट अबाउट स्पीकिंग इन क्लास.' बाईंच्या शेऱ्यात ते राहून गेलंय. शाळेत गेलात की तेवढंच विचारा, कशाबद्दल? फळ्यापाशी जायला, तोंडी परीक्षेला, की एखाद्याच विषयाला?