सेमिस्टर कोणतं, उन्हाळी की हिवाळी?

प्रश्न : ताई, मी पुण्यात एम.ए. जर्मनच्या पहिल्या वर्षाला आहे. भाषेची बी-टू पातळी झालीय. आमच्या विभागाचा जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाशी करार आहे आणि यंदा एक्स्चेंजची जागा मला मिळेल असं सर म्हणतात. एकच सेमिस्टर जायचंय. वडील एसटीत कंडक्टर आहेत, त्यांचं म्हणणं एवढंच की वर्ष वाया जाता कामा नये. सीनियर सांगतात हिवाळी सेमिस्टर घे, ख्रिसमसचा बाजार बघायला मिळतो. काय करू? विषय कसे निवडू आणि पैसे किती दाखवावे लागतील?
— एक विद्यार्थी, कराड

उत्तर : तुझ्या वडिलांचं ऐक, सीनियरचं नको. मी २००९ साली ख्रिसमसच्याच मोहाने हिवाळ्यात गेले होते. बाजार छान होता. पण तिकडचे हिवाळी तास ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि फेब्रुवारीत संपतात. म्हणजे आपलं तिसरं सेमिस्टर शेवटाला तुटतं आणि चौथं सुरुवातीलाच. नोव्हेंबरची परीक्षा बुडाली, ती पुढच्या नोव्हेंबरात मागच्या वर्गातल्या मुलांबरोबर बसून दिली. पदवी लांबली ती लांबलीच.

उन्हाळी सेमिस्टरचे तास एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत असतात. तुझ्या दुसऱ्या सेमिस्टरचे वर्ग तोवर जवळजवळ उरकलेले असतील. बुडते ती फक्त परीक्षा, आणि तिसऱ्या सेमिस्टरचे सुरुवातीचे तीन-चार आठवडे. हे भरून काढता येतं. तेव्हा एप्रिल धर, आणि कागद दिवाळीच्या आत हलव.

आता खरी मेख क्रेडिटची, म्हणजे तिकडचा अभ्यास इकडे किती मोजला जातो याची आहे, आणि आपल्या कला शाखेच्या मुलांना ती नेहमी उशिरा कळते. तिकडे सेमिनार आठवड्यातून एकदा, दीड तासाचा. चौदा आठवडे धरले तर एकवीस तास होतात. आपल्याकडे एका थिअरी क्रेडिटला पंधरा तास शिकवणं मोजतात. त्यामुळे परीक्षा विभागातला माणूस एकवीस तास बघतो आणि म्हणतो, एक क्रेडिट देतो, फार तर दीड. त्याचं चुकत नाही, त्याचं कोष्टकच तसं आहे. पण ईसीटीएस ही युरोपातली क्रेडिटपद्धत वेगळं मोजते : एका क्रेडिटला पंचवीस ते तीस तासांचं एकूण काम, त्यात घरचं वाचन आणि लिखाण धरून. सहा क्रेडिटचा सेमिनार म्हणजे दीडशे ते एकशेऐंशी तास. संपूर्ण सेमिस्टरचे तिकडे तीस क्रेडिट धरतात, आपल्याकडे वीस-बावीस.

म्हणून निघण्याआधी 'मोडूलहांडबूख' म्हणजे अभ्यासक्रमाची पुस्तिका वेबसाइटवरून उतरव. तुझ्या प्रत्येक विषयाच्या पानावर एकूण तास छापलेले असतात. ती पानं लर्निंग ॲग्रीमेंटला, म्हणजे तिकडे घ्यायच्या विषयांच्या करारपत्राला, जोड आणि त्यावर विभागप्रमुखांची सही घे. तोंडी 'होऊन जाईल'वर विसंबू नकोस. तिकडून आल्यावर विभागप्रमुख बदललेले असू शकतात, माझ्या वेळी बदललेले होते.

आणखी एक अडचण सांगते. तू अर्ज करशील तेव्हा एप्रिलचं वेळापत्रक बहुधा लागलेलंच नसेल. मागच्या उन्हाळ्याचं बघून यादी बनवायची आणि तिकडे पोचल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दुरुस्त करायची. असं सगळेच करतात, घाबरू नकोस. दुरुस्त यादीवर पुन्हा दोन्हीकडच्या सह्या घेतल्या की झालं.

विषय निवडताना हात आखडता घे. तीन सेमिनार घेऊन तिन्हींचा 'हाउसआर्बाइट' म्हणजे पंधरा-वीस पानांचा शोधनिबंध लिहीन, असं आपल्याकडची हुशार मुलं ठरवून जातात आणि जूनमध्ये रडकुंडीला येतात. निबंध एकाचाच, तोही प्राध्यापकांना मेमध्येच भेटून विषय ठरवून. बाकी एखादं व्याख्यान घे, ज्याला लेखी परीक्षा असते, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा भाषावर्ग. बी-टूच्या परीक्षेत कॅसेटवरचा माणूस नीट बोलतो. सेमिनारमधली मुलं स्थानिक उच्चारात आणि एकमेकांचं वाक्य तोडत बोलतात. पहिले चार आठवडे मी नुसती मान डोलवत होते. निबंधाची मुदत बहुतेकदा सप्टेंबरपर्यंत मिळते, पण मग गुणपत्रक दिवाळीच्या आसपास येतं, हे इथल्या परीक्षा विभागाला आधीच लेखी कळवून ठेव.

हायडेलबर्गला जातोच आहेस तर दक्षिण आशिया संस्थेचं ग्रंथालय चुकवू नकोस. धनगर आणि खंडोबा यांच्यावर आयुष्यभर काम केलेले ग्युंथर सोन्थायमर तिथेच शिकवत. नेकार नदीच्या काठावरच्या त्या गावात जेजुरीबद्दल वाचताना मला घरची जेवढी आठवण आली, तेवढी भाताने नाही आली.

पैशांचं बोलू. एक्स्चेंजवाल्याला तिकडे शिक्षणशुल्क नसतं. हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना २०१७च्या हिवाळ्यापासून सेमिस्टरला दीड हजार युरो भरावे लागतात, करारातून येणाऱ्यांना त्यातून सूट आहे. व्हिसासाठी मात्र खर्चाची सोय दाखवावी लागते. २०२४पासून ही रक्कम महिन्याला ९९२ युरो आहे, म्हणजे सहा महिन्यांचे ५,९५२. हे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवतात आणि दरमहा ठरावीकच काढता येतात. ते तुझेच राहतात, फी नव्हे, हे घरी समजावून सांग. ७५ युरो व्हिसाचे. आरोग्यविम्याचे महिन्याला शंभराच्या वर. शिवाय विमान. त्या राज्याची स्वतःची बाडेन-व्युर्टेमबर्ग शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज विद्यापीठामार्फतच जातो. तिची चौकशी सरांकडे आजच कर, उद्या नको. पार्टटाइम कामाच्या भरवशावर हिशेब बांधू नकोस. चार महिन्यांत भाषा, निबंध आणि काम तिन्ही होत नाही.

पोचल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं. वर्गाच्या वेळेपुढे 'सी.टी.' दिसलं तर तो सव्वाला सुरू होतो, दहाचा म्हणजे सव्वादहाचा. मी पहिल्या दिवशी पाऊण तास आधी जाऊन बसले होते.

प्रश्न : मुलगी सहा महिन्यांसाठी फ्रान्सला चाललीय. तिचे बाबा म्हणतात कुकर द्यायचाच. विमानात सामान मात्र तेवीसच किलो नेता येतं. द्यावा का?
— एक आई, नाशिक

उत्तर : दीड लिटरचा द्या, आणि त्याच्या आत मसाल्याच्या पुड्या भरा म्हणजे जागा वाया जात नाही. शिट्टी आणि गॅस्केट जास्तीची ठेवा. पण आधी तिला विचारा, खोलीत शेगडी कसली आहे. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही, स्टीलचा लागेल. गोधडी नको, चादर तिकडे स्वस्तात मिळते. गोडा मसाला मात्र मिळत नाही.