शंका-समाधान : रामसरची हद्द कुठवर?

प्रश्न : ठाण्याच्या खाडीला रामसर दर्जा मिळूनही आमच्या इमारतीमागच्या खारफुटीत रात्री राडारोडा पडतोच. थेट रामसरच्या कार्यालयाकडे तक्रार करता येईल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : पत्र जरूर धाडा, पण त्याने डंपर थांबायचा नाही. इराणमधल्या रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेला हा पाणथळ जागांच्या रक्षणाचा करार म्हणजे सरकारांनी एकमेकांना दिलेला शब्द. भारत त्यात १९८२ साली आला. स्वित्झर्लंडमधल्या सचिवालयाला ना दंड करता येतो, ना काम थांबवता येतं. कलम ३.२ नुसार जागेचं पर्यावरणीय स्वरूप बिघडत असेल तर सदस्य देशानेच ते कळवायचं. फार झालं तर जागेचं नाव माँत्रो नोंदवहीत, म्हणजे स्वरूप बिघडलेल्या किंवा बिघडू लागलेल्या रामसर जागांच्या यादीत चढतं, जसं केवलादेव आणि लोकताकचं चढलं आहे.

दात आहेत ते देशी कायद्यांना. खाडीचं रामसर क्षेत्र सुमारे ६,५२१ हेक्टर. त्यातले १,६९० हेक्टर फ्लेमिंगो अभयारण्याचे, तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा. बाकीचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र, तिथे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा. म्हणून आधी डंपर नेमका कुठे रिकामा होतो ते ठरवा. तक्रार वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे करा. उच्च न्यायालयाच्या आदेशाने कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या खारफुटी समितीलाही प्रत द्या. आयुक्तांचं कार्यालय बेलापूरला कोकण भवनात आहे. अर्जात सर्व्हे नंबर, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर हवा. ‘ऐरोलीत भराव चालू आहे’ एवढंच लिहिलं, तर पाहणीला आलेला माणूस भलत्याच टोकाला जाऊन ‘काही आढळले नाही’ असं लिहून मोकळा होतो.

प्रश्न : आमच्याजवळच्या तलावात पूर्वी भरतीचं पाणी यायचं. आता हिरवा थर साचतो, फ्लेमिंगो फिरकत नाहीत. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘ही पाणथळ नाही.’
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : कराराच्या व्याख्येत ती नक्कीच बसते. नैसर्गिक वा कृत्रिम, कायम वा हंगामी, गोडं, मचूळ वा खारं, आणि समुद्राचं ओहोटीला ६ मीटरपेक्षा खोल नसलेलं पाणी, सगळं त्यात येतं. पण आपले २०१७ चे पाणथळ नियम सीआरझेडखालच्या, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्रातल्या जागा वगळतात. त्यामुळे ‘पाणथळ नाही’ हे कागदोपत्री खरंही असेल, पण ते अर्धंच उत्तर. तेव्हा लेखी विचारा : मग ही जागा सीआरझेडच्या कोणत्या वर्गात आहे? १:४००० प्रमाणाचा, सर्व्हे नंबर दाखवणारा नकाशा मागा. काठाला खारफुटी असेल, तर १७ सप्टेंबर २०१८ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल जोडा : जमीन कोणाचीही असो, खारफुटीभोवतीचा ५० मीटरचा पट्टा सीआरझेड-१ मध्ये मोडतो.

हे कागद फिरत असताना पाण्याची वाट तपासा. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत, उधाणाच्या भरतीच्या तासभर आधी खाडीचं पाणी तलावात आणणाऱ्या मोरीपाशी पोचा. खुणा केलेली एक काठी खाडीच्या बाजूला रोवा, दुसरी तलावाच्या बाजूला. बाहेर पाणी हातभर चढलं आणि आत बोटभरही नाही, तर मोरी बुजली आहे किंवा कुणी फळी टाकली आहे. आत चढतं पण ओहोटीला उतरत नाही, तर आतल्या तोंडाशी गाळाचा उंबरा झाला आहे किंवा उघाडीची (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराची) झडप अडकली आहे. दोन्ही काठ्यांचे फोटो पाठोपाठ काढा, ओहोटीला त्याच जागेवरून पुन्हा काढा. चूक होते ती इथे : लोक सवडीने रविवारी जातात, आणि तो नेमका अष्टमीच्या आसपासचा निघतो. अष्टमीच्या आसपासच्या या कमी उंचीच्या, भांगाच्या भरतीला पाणी मोरीच्या तळाशीच पोचलं नाही, तर त्या फोटोने काहीच सिद्ध होत नाही.

मोरीला एवढं महत्त्व का? धाकटा रोहित, म्हणजे लहान फ्लेमिंगो, उथळ पाण्यातलं सूक्ष्म नीलहरित शेवाळ चोचीने गाळून खातो, साकळलेली जाड साय नव्हे. शिवाय पाणी तुंबून राहिलं तर तिवराची श्वासमुळं बुडून गुदमरतात. ओडिशाचं चिलिका १९९३ साली माँत्रो नोंदवहीत गेलं होतं. २००० साली समुद्राकडे नवं मुख खोदलं, खारेपणा पूर्ववत होऊ लागला आणि २००२ साली ते नोंदवहीतून बाहेर पडलं.

प्रश्न : उद्या सरकारने रामसरची हद्दच आखडती घेतली तर?
– एक वाचक, कळवा

उत्तर : घेता येते. कलम २.५ ‘तातडीच्या राष्ट्रीय हिता’साठी तशी मुभा देतं. मात्र कलम ४.२ म्हणतं, बदल्यात शक्य तितकी भरपाई करा : पाणपक्ष्यांसाठी दुसरी राखीव क्षेत्रं उभारा, त्याच अधिवासाचा पुरेसा भाग त्याच परिसरात किंवा अन्यत्र जपा. त्यातलं ‘अन्यत्र’ फार सैल आहे. असा प्रस्ताव कधी आलाच, तर हरकतीत बदली जागेचे सर्व्हे नंबर मागा आणि तिथे भरतीचं पाणी पोचतं का तेही विचारा.

प्रश्न : तलावपाळीचा मासुंदा तलाव रामसरमध्ये येतो का?
– एक वाचक, नौपाडा

उत्तर : नाही. व्याख्येत बसणं वेगळं, यादीत असणं वेगळं. महाराष्ट्रातून नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी यादीत गेल्या आहेत.