मडगावच्या घरातील १५ वर्षे जुनी अलार्म यंत्रणा सगळीच बदलावी लागेल का?

सगळीच नाही. पॅनेल, म्हणजे यंत्रणेचा मुख्य नियंत्रण-डबा, बदलावे, परंतु दारे-खिडक्यांवरील चुंबकीय सेन्सर हे मुळात साधे स्विच असल्याने, मल्टिमीटरवर तपासून ते ठीक आढळल्यास जुन्या वायरिंगसह नव्या पॅनेलला जोडता येतात. खाऱ्या, दमट हवेने गंजलेली वायरींची टोके मात्र कापून नव्याने जोडावीत, आणि पावसाळ्यातील विजांचा विचार करून सर्ज प्रोटेक्टर (विद्युतदाब अचानक वाढल्यास उपकरणे वाचवणारे साधन) अवश्य बसवावा. येथे काटकसर करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अमेरिकेतील नातेवाइकांनी पाठवलेली झेड-वेव्ह उपकरणे (रेडिओ लहरींनी बिनतारी जोडली जाणारी घरगुती उपकरणे) वापरू नयेत, कारण ती ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, तर भारतात त्यांच्यासाठी ८६५ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. अलार्म वाजल्यावर मोबाइल नेटवर्कवरून आपोआप फोन लावणाऱ्या जुन्या टूजी डायलरमध्ये जिओचे सिम चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे.