एकरभर जागा हवीय, पण मुंबई सुटायला नको: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार, आम्ही घाटकोपरला राहतो. मिस्टरांचं ऑफिस बीकेसीला, आठवड्यातून दोनच दिवस जावं लागतं, मी घरूनच काम करते. मुलगी सहावीत, सासूबाई सत्तरीच्या, शुगर-बीपी दोन्ही. फ्लॅट विकून मोकळ्या जागेत घर बांधायचं आहे, एक एकर तरी हवंच, पण स्टेशन, शाळा, हॉस्पिटल हाताशी पाहिजे. तीन जागा बघितल्यात: कर्जत स्टेशनपासून बरीच आत वाडीवर एक एकर शेतजमीन, मुरबाडच्या पुढे दोन एकर (खूप स्वस्त!), आणि नेरळजवळ गेटवाल्या स्कीममध्ये दहा गुंठ्यांचा एनए (बिगरशेती) प्लॉट. एजंट म्हणतो तिन्ही मुंबईपासून दीड तासावर. कुठली घ्यावी?
एक वाचक, घाटकोपर

उत्तर: ताई, एजंटचा दीड तास हा रविवारी सकाळी सहाचा असतो हो, स्वतःच्या गाडीतून, पाऊस नसताना. तुमचा प्रवास मंगळवारी संध्याकाळचा असणार आहे, मिस्टर बीकेसीतून निघून कुर्ला किंवा घाटकोपर गाठणार, कर्जत लोकल पकडणार, आणि बदलापूरच्या पुढे गाड्या कमी होतात त्यामुळे एक चुकली की पुढचीची वाट बघत बसणार. सीएसएमटी ते कर्जत साधारण शंभर किलोमीटर, लोकलने दोन तासांच्या आसपास, आणि आठवड्यातून दोन दिवस हे जमतं, लोक रोज करतात. खरी गोची स्टेशनवर उतरल्यानंतर सुरू होते. रात्री साडेनऊला त्या वाडीवर यायला कोणता रिक्षावाला तयार आहे? दिवसा मिनीडोर, म्हणजे शेअर टेम्पो-रिक्षा, भरून जातात, रात्री स्पेशल करावी लागते, पावसात स्पेशलवालाही नाही म्हणतो. मग स्टेशनला बाईक लावून ठेवणार का, मिस्टर आजारी पडले तर गाडी चालवणारं दुसरं कोण, मुलीचा क्लास संध्याकाळी सुटला तर तिला कोण आणणार, हे सगळं त्या शेवटच्या सात-आठ किलोमीटरवर ठरतं. त्यामुळे जागा मुंबईपासून किती लांब हे मी विचारतच नाही, गेटपासून स्टेशन आणि गेटपासून डॉक्टर किती लांब एवढंच विचारते. माझ्या मते घरात वयस्कर माणूस आणि शाळेतलं मूल असेल तर स्टेशनपासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचंच नाही, मग बाहेर जमीन कितीही स्वस्त असो.

या हिशोबाने मुरबाड आधीच बाद. मुरबाडला अजून रेल्वे नाही, कल्याणला एसटीने किंवा गाडीने यायचं आणि कल्याणचं ट्रॅफिक तुम्हाला मी सांगायला नको. दोन एकर स्वस्त मिळतायत त्याचं कारणच ते आहे. वीकेंडला जायचं असेल तर मुरबाड सुंदर आहे, माळशेजचा डोंगर समोर दिसतो, पण सासूबाईंना घेऊन बारा महिने राहायला नाही.

आता पाणी. मुंबईच्या माणसाला वाटतं एवढा पाऊस पडतो तर पाणी असणारच. आपला इकडचा कातळ काळा, टणक, तो पाणी धरून ठेवत नाही, जुलैत धबधबे आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो. शहापूर तालुका बघा ना, तानसा आणि भातसा तिथेच, मुंबई त्यांचं पाणी पिते आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात. म्हणून बोअरला पाणी आहे असं मालक सांगेल तेव्हा शेजारच्या घरात जाऊन मे महिन्यात काय करता ते विचारा, शेजाऱ्याला जमीन विकायची नसते त्यामुळे तो खरं बोलतो. ग्रामपंचायतीची नळयोजना असेल तर पाणी दिवसाआड येतं की कसं तेही विचारून घ्या.

पावसाची दुसरी बाजू पूर. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर सगळं उल्हास नदीच्या खोऱ्यात आहे. जुलै 2019 मध्ये बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून पडली होती, हेलिकॉप्टर आणि बोटी आणाव्या लागल्या, ते आठवत असेल. 'रिव्हर टच' म्हणून जाहिरात केलेला प्लॉट बघायला जाल तेव्हा पाटबंधारे खात्याची पूररेषा कुठून जाते ते आधी काढा. आणि नदी लांब असली तरी वाटेत ओढ्यावर फरशी, म्हणजे बुटका पूल, असेल तर ती जुलैत किती तास पाण्याखाली असते हे विचारा, कारण सासूबाईंना रात्री दोनला त्रास झाला तर तुमच्या आणि हॉस्पिटलच्या मध्ये ती फरशी आहे. जागा बघायची तर ऑगस्टमध्ये बघा, डिसेंबरमध्ये सगळ्याच जमिनी गोड दिसतात.

हॉस्पिटलवरून आणखी एक, नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चारही विषारी मंडळी या भागात आहेत. घाबरवत नाहीये, लोक पिढ्यानपिढ्या राहतातच की, पण सापाच्या विषावरचं इंजेक्शन तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात असतं का आणि रात्री डॉक्टर हजर असतात का हे स्वतः जाऊन विचारून यायचं.

कागदांचं सांगते, इथे मात्र वकील लावाच. कर्जतची जमीन शेतजमीन आहे, तर तुमच्यापैकी कोणाचं नाव महाराष्ट्रात कुठल्या सातबाऱ्यावर आहे का? गावाकडची सासऱ्यांची जमीन असेल आणि मिस्टरांचं नाव वारस म्हणून चढलं असेल तर प्रश्न नाही. नसेल तर 1948 च्या कुळकायद्याचं कलम 63 आडवं येतं, शेतकरी नसलेल्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि "शेतकरी दाखला आम्ही काढून देतो" म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार करायचा, खोट्या दाखल्यावर घेतलेली जमीन उद्या सरकारजमा होऊ शकते. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचा, कुळ, बँकेचा बोजा, वारसांचा वाद सगळं तिथे सापडतं. भोगवटादार वर्ग 2 लिहिलेलं असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही. कर्जतला ठाकूर-कातकरी वाड्या पुष्कळ, आदिवासी मालकाची जमीन असेल तर तीही कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्या नादाला लागूच नका. माथेरानच्या भोवतालचा पट्टा 2003 पासून इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्यात आहे, तुमचा गट नंबर त्यात येतो का ते नगररचना कार्यालयातून झोन दाखला काढला की कळतं. हे नेरळच्या प्लॉटलाही लागू.

आणि सरकारी मोजणी करून घ्या. शेतघराला नियमात किमान 0.4 हेक्टर, म्हणजे जवळजवळ साडेएकोणचाळीस गुंठे लागतात. तोंडी सांगितलेला एकर मोजणीत 37 गुंठे भरला की पैसे एकराचे गेले आणि शेतघरही अडकलं. शिवाय त्या जमिनीपर्यंतचा रस्ता कोणाच्या शेतातून जातो? आज तो मालक हसून वाट देतोय, उद्या तुमचं त्याचं बिनसलं की बांधावर काटे टाकेल, मग तहसीलदाराकडे खेपा घाला. रस्ता नकाशावर दिसला पाहिजे, नाहीतर नोंदवलेल्या करारात तरी.

माझं मत विचाराल तर नेरळ. दहा गुंठे म्हणजे 10,890 चौरस फूट होतात, घाटकोपरच्या फ्लॅटमधून आलेल्या माणसाला ते मैदान वाटेल. एकर ऐकायला छान असतो पण पावसाळ्यात त्यातलं गवत कमरेएवढं वाढतं, ते कापायला माणूस लागतो, कुंपण लागतं, आणि तुम्ही दोघं लॅपटॉपवर. फक्त नेरळच्या प्लॉटचे कागद तेवढेच कडक तपासा. फ्लॅट विकायची घाई नको, आधी भाड्याने द्या आणि त्याच पैशात नेरळ किंवा कर्जत गावात एखादं घर जून ते ऑक्टोबर भाड्याने घेऊन राहा. मुलीची शाळा हा यातला अवघड भाग आहे, तेवढे महिने तिची सोय आजोळी वगैरे होते का बघा.

प्रश्न: रो-रो (गाडीसकट नेणारी बोट) आणि अटल सेतू आल्यापासून अलिबाग आता उपनगरच झालं असं सगळे म्हणतात. मांडव्याजवळ जागा घेऊन रोज फोर्टला जाता येईल का?
एक वाचक, परळ

उत्तर: रोज? नाही हो दादा. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो मार्च 2020 पासून आहे, तासाभरात सोडते, मस्त आहे. पण गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात आणि समुद्र खवळला की रो-रोच्याही फेऱ्या रद्द होतात, म्हणजे जून ते ऑगस्ट तुम्ही रस्त्यावर. अटल सेतू जानेवारी 2024 ला सुरू झाला, पूल झक्कास, पण तो चिर्ल्याला उतरवतो, तिथून पेण-वडखळ करत अलिबाग गाठायचंच आहे, आणि वडखळच्या पुढे शनिवारी काय होतं ते एकदा बघून या. आठवड्यातून एक-दोनदा जायचं असेल तर विचार करा. किनाऱ्याजवळ असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामबंधनाची, रेषा आधी तपासा, दिसतंय म्हणून बांधता येईलच असं नाही.

प्रश्न: एजंट म्हणतो प्लॉट 'ग्रामपंचायत एनए' आहे, बंगला लगेच बांधता येईल, सातबारा अकरा जणांत सामायिक असेल. चालेल का?
एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ग्रामपंचायत एनए अशी काही गोष्ट नसते. जमीन बिगरशेती करणं ग्रामपंचायतीच्या हातात नसतं, बिगरशेतीचा महसुली कागद आणि मंजूर लेआऊटचा नकाशा मागा. अकरा जणांच्या सामायिक सातबाऱ्यात तुमचा प्लॉट कागदावर कुठेच नसतो, फक्त हिस्सा असतो, त्यामुळे कर्ज मिळणं कठीण, विकताना बाकीच्या दहा जणांच्या सह्या गोळा करत फिरा. प्लॉटची स्कीम 500 चौरस मीटरच्या वर असेल आणि आठाहून जास्त प्लॉट असतील तर महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर लागतो. तुमच्या अकरा प्लॉटवाल्याला तो नंबर विचारा, मग फोन उचलतो का बघा.