36चं हेड 32पेक्षा जास्त टिकतं का?

तुम्ही विचारलंय की आईंच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलंय, सर्जन 32चं हेड (म्हणजे मांडीच्या बाजूला बसवायचा गोळा, आकडा मिलिमीटरमधला) बसेल म्हणतात आणि शेजारचे काका म्हणतात 36चंच मागा, मोठं ते जास्त टिकतं.

मी बरीच वर्षं इम्प्लांट पुरवायच्या धंद्यात होतो. परळ-दादरच्या थिएटरांत सकाळी सातच्या आत सगळ्या साइजचे ट्रे पोचवायचे, मग कोपऱ्यात उभं राहून सर्जन मागतील तो डबा पुढे करायचा. उशीर झाला की सिस्टरची बोलणी वेगळी. तर काकांचं अर्धं बरोबर आहे. मोठं हेड सहसा निखळत नाही, कारण निखळायला त्याला लायनरच्या, म्हणजे ज्या अस्तरात हेड फिरतं त्याच्या, कडेवरून जास्त अंतर सरकावं लागतं. पण न निखळणं आणि टिकणं एक नव्हे.

आधी ठरतो कप. कमरेच्या हाडातल्या वाटीत घट्ट बसेल तेवढाच तो घेता येतो. कपात प्लास्टिकचा लायनर, लायनरमध्ये हेड. आपल्याकडच्या लहान चणीच्या बायकांना 46-48चा कप लागला तर कुणाला नवल वाटत नाही. त्यात 36चं हेड घालायचं तर लायनर पातळ करावा लागतो, आणि पातळ लायनर कडेला तडकण्याची भीती. पुष्कळ कंपन्या त्या कपासाठी 36चा लायनर बनवतच नाहीत.

शिवाय घासण्याचा हिशोब आहे. सर्जन जॉन चार्नली यांनी इंग्लंडमध्ये 1962 साली पॉलिथिलीनचा (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) कप वापरायला घेतला तेव्हा हेड मुद्दाम 22.225 मिलिमीटरचं ठेवलं. लायनर सारखाच खोल झिजला तरी भुगा हेडच्या त्रिज्येच्या वर्गाने वाढतो. 28च्या जागी 36 म्हणजे सुमारे 1.65 पट. हा भुगा आजूबाजूचं हाड खातो आणि कप ढिला होतो. 1990च्या दशकाच्या शेवटी क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन (रेणू एकमेकांना जोडलेलं, कमी झिजणारं प्लास्टिक) आलं, झीज खूपच घटली, म्हणून तर आज 32 आणि 36 बिनधास्त वापरतात. म्हणजे श्रेय लायनरचं आहे, हेडच्या आकाराचं नाही.

धातूवर धातू घासणाऱ्या जोडात तर मोठ्या हेडने घातच केला. डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा असाच जोड 2010 मध्ये जगभरातून परत मागवला गेला. इंग्लंड-वेल्सच्या सांधेबदलाच्या नोंदींवरून 2012 मध्ये दिसलं की स्टेम (मांडीच्या हाडात घालायचा दांडा, ज्यावर हेड बसतं) असलेल्या अशा जोडांत हेड जितकं मोठं तितके ते लवकर निकामी होतात.

स्टेमच्या साइजबद्दल कोणी विचारत नाही, मला ते नवलच वाटतं. सिमेंटशिवायचा स्टेम लहान पडला तर हाडात खाली सरकतो, मोठा ठोकला तर मांडीचं हाड चिरतं. सर्जन एक्स-रेवर माप आधी काढतात, पण शेवटचा निर्णय ट्रायल, म्हणजे मापाचे तात्पुरते तुकडे, घालून टेबलावरच होतो.

तेव्हा 36 मागू नका. विचारा की लायनर क्रॉसलिंक्ड आहे का आणि किती जाड उरतो. आणि डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटच्या डब्यांवरचे स्टिकर लावलेला कागद नक्की घ्या. एका आजोबांचं दुसऱ्यांदा ऑपरेशन होतं, आधीच्या हॉस्पिटलात तो कागदच मिळेना. स्टेम पक्का होता, बदलायचं होतं फक्त हेड, पण स्टेमचा टेपर (हेड बसतं ते निमुळतं टोक) कुठला ते कळेना, म्हणून आम्ही तीन कंपन्यांचे ट्रे घेऊन थिएटरबाहेर ताटकळत बसलो होतो.