एका खोलीत तीस मुलं आणि साहित्याला पैसे नाहीत. मोठ्या शिशूत हातांनी शिकणं कसं सुरू करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की गिरगावातल्या चाळीत एक खोली आहे, मोठ्या शिशूची तीसेक मुलं, मदतीला एक मावशी. साहित्यासाठी जवळजवळ पैसे नाहीत आणि पालकांना रोज वहीत लिहिलेलं पान हवं असतं. अशात मुलांना हातांनी करून शिकू देणं जमेल का, हा तुमचा प्रश्न. मी दादर-परळ भागात बरीच वर्षं बालवर्ग घेते आहे. जमतं, नक्की जमतं. फक्त रोज नवी कृती शोधत बसू नका.

रोज एक नवी ॲक्टिव्हिटी, ही पद्धत आता सगळीकडे पडली आहे. सोमवारी कापसाचा ससा, मंगळवारी ठशांचं फुलपाखरू, संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर फोटो. त्यात कापायचं बाई कापतात, चिकटवायचं मावशी चिकटवतात आणि मुलाच्या वाट्याला सशाच्या डोळ्याची टिकली लावणं तेवढं येतं. मला हे मनापासून खटकतं. पहिल्या दिवशी मूल वस्तू नुसती हाताळून बघतं, खरं काम सुरू होतं ते चौथ्या-पाचव्या दिवशी, आणि तोवर आपण ती वस्तू कपाटात टाकलेली असते. म्हणून चारच कामं निवडा आणि महिनाभर तीच ठेवा: पाणी ओतणं, कडधान्य निवडणं, कणीक मळणं आणि मोजणं.

पाण्याचं सांगते. एक परात, छोटा तांब्या, पारदर्शक पेला, एक फडकं. पेल्यावर बाहेरून नेलपॉलिशची रेघ ओढा. रेघेपर्यंत ओतायचं, सांडलं तर टिपायचं, फडकं बादलीत पिळायचं. माझ्या वर्गातला एक मुलगा सुरुवातीला तांब्या सरळ उपडाच करायचा. मी काही बोलत नव्हते, फडकं तेवढं त्याच्या हाताशी ठेवत होते. काही दिवसांनी त्याने आपणहून दुसरा हात तांब्याच्या बुडाला लावला. जीभ जराशी बाहेर, डोळे रेघेवर. पाणी रेघेला टेकलं तसं त्याने मनगट मागे घेतलं, तांब्याच्या काठावर लोंबणारा थेंब पेल्याच्या कडेला टेकवून आत सोडला, मग सगळं पाणी परत तांब्यात ओतून पहिल्यापासून सुरू केलं. मला हाकसुद्धा मारली नाही. अशा वेळी 'शाब्बास' म्हणायलाही मध्ये जाऊ नका. त्याचं लक्ष कामावरून उडून आपल्या तोंडाकडे लागतं.

फडकं लहान ठेवा, हातरुमालाच्या निम्मं. मोठं फडकं मुलांना पिळता येत नाही, ती ते नुसतं दाबतात. दोन्ही मनगटं उलट दिशांना वळायला हवीत, पिळण्यातलं मोल तेच आहे.

कडधान्य निवडताना आधी राजमा आणि काबुली चणे, मग चवळी आणि वाल, शेवटी मूग आणि मसूर. दाणा जसा बारीक होतो तशी मूठ सुटते आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट अशी चिमट जमू लागते. पुढे पेन्सिल हीच तीन बोटं धरणार आहेत. पालकांना हे जरूर सांगा, कारण वहीचा सगळा आग्रह इथेच येऊन अडतो. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. चार-पाच वर्षांच्या मुलात ती सगळी अजून हाड झालेलीच नसतात, काही जागी नुसती कूर्चा, म्हणजे मऊ, लवचीक भाग असतो. साधारण तिसऱ्या वर्षी मूल बघून गोल काढतं, चौथ्या वर्षी अधिकची खूण, पाचाच्या आसपास चौकोन, त्रिकोण त्याच्याही नंतर. तिरपी रेघ ज्याच्या हातात आलेली नाही त्याच्याकडून पानभर 'र' आणि 'स' गिरवून घेतले, तर ते मूल पेन्सिलीला घाबरायला शिकतं.

लिहायचं तर रव्यात. ताटाच्या तळाला काळा कागद, वर रव्याचा पातळ थर, आणि बोटाने अक्षर. बोट फिरलं की काळी रेघ उमटते, ताट हलवलं की पुसली जाते. चुकलं तरी खाडाखोड दिसत नाही, त्यामुळे बिचकणारी मुलंही हात घालतात. क्रम आपला जुनाच घ्या: ग म भ न. चौघांची उभी काठी सारखी, हाताला एकच वळण पुन्हा पुन्हा मिळतं. 'अ'पासून सुरुवात केली तर पहिल्याच घासाला सगळ्यात अवघड अक्षर येतं.

मोजण्यात मी सगळ्यात जास्त रमते. मोठ्या शिशूतली बरीच मुलं शंभरापर्यंत घडाघड म्हणतात, पण पुढ्यातले नऊ चिंचोके मोजताना बोट एका गतीने जातं आणि तोंड दुसऱ्या. तेव्हा मोजताना वस्तू उचलून वाटीत टाकायला लावा: एक वस्तू, एक शब्द. मोजून झाल्यावर विचारा, "किती झाले?" मूल पुन्हा एकपासून मोजू लागलं, तर शेवटचा शब्द म्हणजेच सगळ्यांची संख्या हे त्याला अजून उमगलेलं नाही. मग सात चिंचोके जवळजवळ मांडा, मोजून घ्या, त्याच्यादेखत लांब लांब पसरा आणि विचारा, "आता किती?" "जास्त झाले" असं उत्तर या वयात हमखास येतं. दुरुस्त करू नका, पुन्हा मोजू द्या.

चिंचोके मधोमध फोडून घेतले की एक बाजू पांढरी, दुसरी काळी मिळते. आज्या याच फोडलेल्या चिंचोक्यांनी बैठे खेळ खेळायच्या. पाच फोडी मुठीत घेऊन टाकायच्या: तीन पांढऱ्या, दोन काळ्या. पुन्हा टाका: चार आणि एक. बेरीज हा शब्द न उच्चारता पाच किती तऱ्हांनी होतात ते मुलं आठवडाभर स्वतःच शोधत राहतात. तिसऱ्यांचे शिंपलेही वापरा, मासे खाणाऱ्या घरांतून ते फुकट मिळतील. उकळून, घासून, कडक उन्हात वाळवून घ्या, नाहीतर वर्गभर वास सुटतो. एकाला जुळणारा दुसरा अर्धा शिंपला शोधणं हा जोड्या लावण्याचा उत्तम खेळ आहे.

स्वस्त साहित्य म्हणजे कमी प्रतीचं शिक्षण, असं तुमच्या संस्थेत कुणी म्हणालं तर त्यांना बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडकांबद्दल सांगा. त्यांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केलं, मग १९४५ मध्ये त्या बोर्डी गावाला गेल्या आणि तिथे आपल्या सहकारी अनुताई वाघांना बरोबर घेऊन बिया, शिंपले, खडे, पानं यांतूनच साहित्य उभं केलं. आणि इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ माँटेसरीबाईंचं पहिलं बालगृहसुद्धा १९०७ मध्ये रोमच्या कामगारवस्तीतल्या एका इमारतीत भरलं होतं. तुमची चाळीतली खोली त्याच परंपरेतली आहे.

तीस मुलांचं गणित असं बसवा: दहा मुलं या कामांच्या ताटांवर, दहा तुमच्याजवळ गाण्या-गोष्टीला, दहा मावशींजवळ लादीवर खडूने चित्र काढायला. दर वीस मिनिटांनी घंटा वाजवून गट फिरवू नका, हात नुकता लागलेला असतो. आज जो गट ताटांवर बसला तो तासभर तिथेच, उद्या दुसरा. मावशींना मदतनीस म्हणून कोपऱ्यात उभं ठेवू नका. मटार सोलणं, लसूण सोलणं, सुपात पाखडणं हे त्यांच्या हातात मुरलेलं असतं, त्यांनी ते मुलांसोबत बसून करावं. मुलाच्या हातातलं काम मात्र काढून घ्यायचं नाही, हे एकदा नीट बोलून घ्या.

कणकेसाठी दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, चमचाभर तेल, चिमूटभर हळद आणि लागेल तसं पाणी. पावसाळ्यात मात्र मीठ हवेतली ओल ओढतं, गोळा पाझरू लागतो आणि लवकर बुरशी धरतो. तेव्हा शाडू आणा. श्रावणात लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यांत विचारलं तर थोडी माती मिळते, सुकली की भिजवून पुन्हा वापरता येते. पावसाळ्यातच ताटलीत धुतलेल्या रेतीचा थर देऊन मेथी पेरा. दोन-तीन दिवसांत मोड वर येतात, मुलांना वाट पाहण्याचा कंटाळा येत नाही, आणि बाजारात वाळूतल्या मेथीच्या जुड्या दिसल्या की ती ओळखतात.

दोन गोष्टींना कडक राहा. गुंजा वर्गात आणू नका. लाल-काळ्या दिसायला सुंदर असतात, पण फोडून किंवा चावून पोटात गेल्या तर विषारी. आणि धान्य मोजून द्या, मोजून परत घ्या. वाटाणे, चिंचोके नाकात घालणारी मुलं दर वर्षी असतात, म्हणून त्या ताटांशेजारी मोठं माणूस हवंच. तीन वर्षांच्या आतलं भावंड वर्गात येत असेल तर बारीक वस्तू त्या दिवशी काढूच नका.

पालकांसाठी शनिवारी अर्धा तास ठेवा. त्यांच्या डाव्या हातात पेन्सिल द्या, डावखुऱ्यांच्या उजव्या, आणि चार रेघी वहीत एक ओळ 'अ' काढायला सांगा. मग मुलांना कसं वाटत असेल ते वेगळं समजवावं लागत नाही. संस्थाचालकांना कागद हवा असेल तर २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण दाखवा, त्यात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत स्तर धरला आहे. त्या स्तरासाठी २०२२ मध्ये आलेला अभ्यासक्रम आराखडाही खेळ आणि कृतीवरच उभा आहे. एवढं करूनही वहीचा आग्रह राहिलाच, तर आठवड्यातून एकदा पाटीवर लिहून घ्या आणि पाटी घरी पाठवा.